पेटीवाल्याचं नाव कुठं लिहायचं?

(एपिसोडचा मजकूर. बोलताना आलेले 'अं' आणि 'म्हणजे कसंय' तेवढे कमी केलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज पेटीवर बोलायचंय. पेटी म्हणजे हार्मोनियम. आमच्याकडं तेरखेड्यात 'हार्मोनियम' हा शब्द सप्ताहाच्या पत्रिकेवर छापलेला दिसतो, बोलताना मात्र सगळे पेटीच म्हणतात. धाराशिव जिल्ह्याबाहेरच्या लोकांना तेरखेडा माहीत असतं ते फटाक्यांमुळं. पण वाशी तालुक्यातल्या बाकी कुठल्याही गावासारखं इथंही सप्ताह असतो, काकडा असतो, हरिपाठ असतो, आणि या सगळ्यात एका कोपऱ्यात मांडी घालून पेटीवाला बसलेला असतो.

तर सप्ताहाची पत्रिका डोळ्यांसमोर आणा. कुठल्या गावची आहे यानं फरक पडत नाही. वर सात दिवसांचे सात कीर्तनकार, फोटोसकट, फेट्यासकट. त्याखाली गायनाचार्य. मग मृदंगाचार्य. मग अन्नदाते, मंडपवाले, साउंड सिस्टीम. पेटीवाला या गर्दीत बारीक अक्षरात कुठंतरी असतो, नाहीतर नसतोच. पखवाजवाल्याला निदान 'आचार्य' तरी लावतात. 'हार्मोनियमाचार्य' असा शब्द मी तरी आजपर्यंत वाचला नाही.

मला प्रश्न असा पडतो की फक्त वाद्य वाजवणाऱ्या माणसाला 'हा स्वतंत्र कलाकार आहे' असं आपण कधी म्हणतो? कोण ठरवतं? आणि ते ठरलं नाही तर तो वाजवतो ते कशासाठी? पेटीचा इतिहास यासाठी फार कामाचा आहे, कारण या वाद्याला आपल्या देशात अधिकृतपणे, सरकारी आदेशानं 'चालणार नाही' म्हटलं गेलं होतं. तेही थोडीथोडकी नाही, एकतीस वर्षं.

आधी थोडक्यात जन्मकथा. पेटी मूळची युरोपातली. पॅरिसमध्ये अलेक्झांद्र दबँ नावाच्या कारागिरानं १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला तिचं पेटंट घेतलं. ती पायानं भाता मारायची, खुर्चीत बसून वाजवायची. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिला जमिनीवर बसवलं. भाता मागं हातानं हलवायचा, पट्ट्या पुढं. एक हात कायमचा भात्यात अडकला, म्हणजे दोन्ही हातांनी वाजवायची पाश्चात्त्य पद्धत गेली. पण आपल्याला ती नकोच होती. आपल्याला एका वेळी एकच सुरावट लागते.

महाराष्ट्रात ती रुजवली संगीत नाटकानं. तिथून कीर्तन, भजन, तमाशा, शाळेची प्रार्थना. का रुजली याचं कारण मला तरी अगदी व्यवहारी वाटतं. तंतुवाद्य रोज लावावं लागतं, पावसाळ्यात उतरतं, तार तुटली की तालुक्याला जा. पेटी वर्षभर टिकते. पन्नास माणसं, त्यातली पंचेचाळीस गाणं न शिकलेली, टाळ जोरात, आणि तरी सगळ्यांना एका सुरात ठेवायचं, हे काम मंडपात सारंगी करू शकत नाही. पितळी सूर करतात.

आता गोविंदराव टेंबे. कोल्हापूरचे, जन्म १८८१. 'मानापमान' १९११ मध्ये रंगमंचावर आलं, त्याच्या चाली यांच्या. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली, तिच्या मालकांपैकी एक हे. १९३२ मध्ये प्रभातच्या 'अयोध्येचा राजा'त हरिश्चंद्र झाले, संगीतही त्यांचंच. भास्करबुवा बखल्यांसारख्या गवयाला पेटीची साथ करणारा हा माणूस एकट्यानं पेटी वाजवायला बसला तरी लोक ऐकायला यायचे. म्हणजे १९४० च्या आधीच महाराष्ट्रानं पेटीला एकलवाद्य म्हणून मान दिलेला होता. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

मग आला रेडिओ. १९३६ मध्ये 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव पडलं. प्रमुख होते लायोनेल फिल्डन, इंग्रज. तिथं पाश्चात्त्य संगीत विभाग बघायचे जॉन फोल्ड्स, तेही इंग्रज. फोल्ड्स यांनी १९३८ मध्ये रेडिओच्याच मासिकात पेटीविरुद्ध लेख लिहिला. रवींद्रनाथ टागोरांनाही पेटी आवडायची नाही. जानेवारी १९४० मध्ये त्यांनी कलकत्ता केंद्राला पत्र लिहून ती स्टुडिओतून घालवायला सांगितलं. आणि १ मार्च १९४० पासून रेडिओवर पेटी बंद झाली. युरोपात जन्मलेलं वाद्य भारतीय संगीताला शोभत नाही, हे ठरवण्यात युरोपियन माणसं पुढं होती, हा भाग मला भारी वाटतो.

पण आक्षेप काय होता ते नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण तो फालतू नव्हता. दोन मुद्दे होते. पहिला सोपा आहे. पेटीत मींड नाही. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येत नाही, पट्टी दाबली की सूर, सोडली की गेला. दुसरा मुद्दा गणिताचा. आमच्यासारख्यांच्या आवडीचा.

समजा तुमचा सा २४० हर्ट्झवर आहे. तंबोऱ्याबरोबर गाणारा माणूस शुद्ध गंधार लावतो तो साच्या सव्वापट असतो. २४० गुणिले सव्वा, बरोबर ३००. पेटीच्या पट्ट्या मात्र सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेल्या असतात. दर पट्टीला आधीच्या सुराला एकाच ठरावीक आकड्यानं गुणायचं. बारा वेळा गुणलं की दुप्पट झालं पाहिजे. तो आकडा आहे १.०५९४६ च्या आसपास. चार वेळा गुणा, गंधार येतो ३०२.४ हर्ट्झ. गवयाचा ३००, पेटीचा ३०२.४. दोन्ही एकदम वाजले की दर सेकंदाला साधारण अडीच वेळा आवाज कमीजास्त होतो, थरथरल्यासारखा. पंचमाला हे होत नाही, तिथं ३६० आणि ३५९.६, कानाला कळायचं नाही. कोमल गंधार उलटा, पेटीचा जरा खाली पडतो: २८८ हवा, मिळतो २८५.४.

मग असं करायचं कशाला? कारण सारखे भाग केले की कुठलीही पट्टी सा धरता येते. आज काळी एकमध्ये गाणारे महाराज, उद्या पांढरी चारवाले. सगळे सूर प्रत्येकासाठी थोडे थोडे चुकीचे, पण कुणासाठीच फार चुकीचे नाहीत. आम्ही सॉफ्टवेअरमध्ये रोज हेच करतो आणि त्याला डिझाइन म्हणतो.

यावर उपाय शोधणारी माणसंही आपल्याकडचीच. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी ई. क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशाबरोबर शंभरेक वर्षांपूर्वी बावीस श्रुतींची पेटी करून बघितली. भातखंड्यांना ते पटलं नाही. अलीकडं ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनीही बावीस श्रुतींची पेटी बनवली. शिवाय कारागीर 'गांधार ट्यूनिंग' करून देतात, म्हणजे एकाच सा साठी सूर घासून नैसर्गिक जागेवर आणायचे. मग ती पेटी त्या एका पट्टीतच चांगली वाजते. पण खरा उपाय वादकाच्या बोटात असतो. चांगला पेटीवाला वादाच्या सुरावर रेंगाळत नाही. गंधाराला बोट लावतो आणि सोडतो, ठाण मांडतो पंचमावर, षड्जावर. पेटी ऐकताना यापुढं एवढंच बघा, बोट कुठं थांबतं.

परत बंदीकडं. इंग्रज गेले, बंदी राहिली. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी मंत्री झाले डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, मूळचे पुण्याचे. शास्त्रीय संगीतासाठी त्यांनी खूप केलं, हे मान्य. पण सिनेमाची गाणी रेडिओवरून घालवली ती यांनीच, आणि लोक रेडिओ सिलोन लावायला लागले. पेटीही बाहेरच राहिली. पन्नासच्या दशकात पु. ल. देशपांडे आकाशवाणीत नोकरीला होते. पेटीवर जीव असलेला माणूस, आणि त्याच्याच ऑफिसात पेटीला मज्जाव! त्या स्टुडिओत चहाच्या वेळी काय बोलणं होत असेल याची कल्पना करा.

रेडिओवर नाही वाजवलं तर काय बिघडतं, असं आज वाटेल. बिघडायचं. संस्थानं विलीन झाली होती, दरबार संपले होते. शास्त्रीय कलाकाराला ठरलेले पैसे देणारी सगळ्यात मोठी जागा आकाशवाणी होती. ऑडिशन व्हायची, श्रेणी मिळायची, आणि ती श्रेणी हीच कलाकाराची ओळख. कार्यक्रमाच्या पत्रकावर नावाखाली छापायची ती. पेटीवाल्याला ही दारंच बंद. बाहेर प्रत्येक मैफलीत, प्रत्येक नाटकात, प्रत्येक कीर्तनात तो बसलेला, आणि सरकारच्या कागदावर त्याचं वाद्यच नाही. १९७१ मध्ये बंदी सैल झाली, तीही साथीपुरती. एकट्यानं पेटी वाजवायची परवानगी त्यात नव्हती. टेंबे यांच्या काळात महाराष्ट्रानं जे देऊन टाकलं होतं, ते रेडिओनं साठ वर्षांनीही दिलं नाही.

आता याच काळातली दोन माणसं शेजारी ठेवून बघू.

एक पंडित राम नारायण, सारंगीवाले. रेडिओवर सारंगीला बंदी नव्हती, उलट पेटी गेल्यावर साथीचं काम तिचंच. त्यांना नोकरीही होती. पण गाणाऱ्याच्या मागं बसायचं, त्यानं घेतलेली जागा परत वाजवून दाखवायची, हे त्यांना पुरेना. १९४९ मध्ये ते मुंबईत आले. सिनेमात वाजवून पोट भरलं. १९५४ मध्ये कावसजी जहांगीर हॉलमध्ये एकट्यानं वाजवायला बसले तर लोकांनी बसू दिलं नाही. पुढच्या नामवंतांची वाट बघत होते सगळे. दोन वर्षांनी परत प्रयत्न केला, तेव्हा जमलं. मग साथ सोडलीच. सारंगी हे मैफलीचं एकलवाद्य झालं ते मुख्यतः या एका माणसाच्या हट्टानं. २००५ मध्ये पद्मविभूषण. २०२४ च्या नोव्हेंबरात गेले.

दुसरे आप्पा जळगावकर. हे आपल्या मराठवाड्यातले, जालन्याकडचे, जन्म १९२२. आधी गाणं शिकले, पेटीकडं नंतर वळले. पुढं पुण्यात. भीमसेन जोशींपासून कितीतरी मोठ्यांच्या मैफलीत पेटीवर आप्पा. साथ सोडली नाही. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला २००० साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी. २००९ मध्ये पुण्यात गेले.

यातलं कोण मोठं, असा माझा प्रश्न नाही. पण आपण गोष्ट सांगताना नेहमी पहिल्याची सांगतो. मागं बसलेला माणूस पुढं आला, नाव झालं. वाद्याला 'न्याय मिळाला' म्हणतो तेव्हा आपल्या मनात एकलवादनच असतं. मला हे अर्धंच बरोबर वाटतं. राम नारायण यांनी केलं ते करायलाच हवं होतं. पण साथ म्हणजे कमी दर्जाचं काम, हे त्यातून आपोआप सिद्ध होत नाही. आणि साथ किती अवघड आहे हे आपल्याला कळत नाही म्हणून आपण तसं धरून चालतो.

कसं ते सांगतो. आवाज ऐकून बोट हलवायला माणसाला साधारण दीडशे मिलिसेकंद लागतात. गवई द्रुत तान घेतो, समजा सेकंदाला आठ सूर. म्हणजे एका सुराला सव्वाशे मिलिसेकंद. पेटीवाला जर फक्त ऐकून वाजवत असेल तर तो कायम एका सुरापेक्षा जास्त मागं राहील, आणि ते ऐकवणार नाही. पण आप्पांच्या दर्जाची साथ ऐकताना असं होत नाही. याचा अर्थ तो माणूस ऐकून वाजवतच नाहीये. राग कोणता, या गवयाची तान कुठून वळते, आज आवाज कसा लागलाय, श्वास किती उरलाय, यावरून पुढचे चारपाच सूर त्यानं आधीच ओळखलेत. दुसऱ्याच्या डोक्यात जे अजून झालेलं नाही ते ओळखायचं, तिथं पोहोचायचं, आणि तरी पुढं निघून जायचं नाही. चुकलं तर दोन क्षणांत सावरायचं, ऐकणाऱ्याला कळू न देता. शिवाय गवई श्वास घेतो तेवढ्या फटीत सूर जिवंत ठेवायचा. फट भरली पाहिजे, आणि भरल्याचं जाणवलं नाही पाहिजे.

म्हणजे ज्याचं काम उत्तम झालं तर ते दिसतच नाही, अशी ही कला आहे. अशा माणसाला टाळ्या कशा मिळणार? सर्व्हर चालू ठेवणाऱ्याला कुणी फोन करतं का? बंद पडल्यावर करतात.

एकल आणि साथ दोन्ही एकाच माणसात बघायचं असेल तर पंडित तुळशीदास बोरकर. गोव्यातल्या बोरीचे, जन्म १९३४. त्यांचे गुरू मधुकर पेडणेकर, म्हणजे पी. मधुकर, ज्यांच्या एकल पेटीच्या ध्वनिमुद्रिका त्या काळात निघाल्या होत्या. रेडिओनं दार लावलं तरी ग्रामोफोन कंपन्यांनी लावलं नव्हतं. बोरकर आयुष्यभर साथ करत राहिले, एकटे वाजवत राहिले आणि शिकवत राहिले. अकादमीचा पुरस्कार २००५, पद्मश्री २०१६. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये ते गेले. ज्या वाद्याला सरकारनं बाहेर काढलं त्याच्या वादकाला सरकारनंच पद्मश्री दिली.

हे सगळं जुनं झालं, आता कुणाची बंदी नाही, असं म्हणाल. खरंय. आज वाद्य वाजवणाऱ्या कुणालाही कंपनी नको, रेडिओ नको. मोबाइलवर रेकॉर्ड करायचं, वितरण करणाऱ्या ॲपवरून टाकायचं, स्पॉटिफायवर दिसतं. पण पैशाची गोष्ट बघा. २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम आहे की मागच्या बारा महिन्यांत एखादं गाणं निदान हजार वेळा ऐकलं गेलं तरच त्याचे पैसे धरले जातात. भीमपलास एकट्या पेटीवर, हजार वेळा. काढा बरं हिशोब.

आणि नुसत्या वाद्यसंगीताची आणखी एक गंमत. 'अभ्यासासाठी', 'झोपेसाठी', 'ध्यानासाठी' अशा याद्या असतात ना, त्यात बहुतेक वाद्यसंगीतच असतं, आणि कोण वाजवतंय हे कुणी बघत नाही. पत्रकार लिझ पेली हिनं २०२५ च्या 'मूड मशीन' या पुस्तकात लिहिलंय की अशा याद्यांमध्ये स्वस्तात करून घेतलेलं, खोट्या कलाकार-नावांखालचं संगीतही भरलं जातं. ऐकणाऱ्याला फरक पडत नाही, कारण त्याला झोपायचंय. इथं माझी जरा अडचण होते. मंडपातला पेटीवालाही 'उपयोगासाठी'च वाजवतो की! पन्नास माणसं एका सुरात राहावीत म्हणून. मग झोपेच्या यादीतल्या संगीताला नावं का ठेवायची? मी विचार केला तर फरक एवढाच सापडला: मंडपात पेटीवाल्याला समोरची माणसं दिसतात. आज्जींचा आवाज फाटला की तो अर्धी पट्टी खाली येतो. महाराज दमले की भाता मोठा करतो. उपयोग आहेच, पण तो कुणाचा तरी आहे, नाव असलेल्या माणसांचा. संगीत कशासाठी, याचं मला पटलेलं उत्तर सध्या तरी इथपर्यंतच येतं.

आता ज्यांच्यासाठी हा एपिसोड खरं तर केलाय त्यांच्यासाठी. गावोगावचे जे पेटीवाले, पखवाजवाले रेकॉर्डिंगला जातात आणि यूट्यूबवर फक्त गायकाचं नाव येतं, त्यांनी हे ऐका. कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात 'परफॉर्मर' कोण याची यादी आहे: नट, गायक, वादक, नर्तक, डोंबारी, जादूगार, आणि हो, गारुडीसुद्धा. वादक त्यात स्पष्ट आहे. २०१२ मध्ये कायद्यात भर पडली. कलम ३८-ख सांगतं की आपल्या सादरीकरणाला आपलं नाव लावलं जावं, अशी मागणी करायचा हक्क वादकाला आहे. ज्या प्रकारे ते वापरलंय त्यात नाव देणं शक्यच नसेल तेवढाच अपवाद. व्यावसायिक वापर झाला तर रॉयल्टीचा हक्कही त्याच दुरुस्तीनं कलम ३८-क मध्ये आला. हे हक्क पन्नास वर्षं चालतात. म्हणजे 'साथीला कोण होतं, आता आठवत नाही' हे उत्तर कायद्यात बसत नाही.

आणि जे भजनाचे व्हिडिओ टाकतात त्यांना: गाणं अपलोड करताना फॉर्ममध्ये मुख्य कलाकार लिहून बहुतेक जण पुढं जातात. त्याखाली वादकांची जागा असते, वाद्य आणि नाव. तीस सेकंद लागतात. यूट्यूबला वर्णनात लिहिता येतं. देवनागरीत आणि इंग्रजी लिपीत दोन्ही लिहा, म्हणजे शोधल्यावर सापडतं. आणि नाव दर वेळी सारखंच लिहा. एकदा 'बापू', एकदा 'बापूराव' केलं की सिस्टीमला ती दोन माणसं वाटतात आणि दोघांच्याही खात्यात काहीच जमा होत नाही. हा घोळ पन्नास वर्षांनी निस्तरता येत नाही, आजच्या आज येतो.

पुढच्या एपिसोडला पखवाज. डाव्या पुडीला कणिक का लावतात आणि ती किती लावायची, यावर आमच्याकडच्या दोन पखवाजवाल्यांचं अजून एकमत झालेलं नाही. दोघांनाही बसवतो समोरासमोर. राम कृष्ण हरी.